गोळीवरचा उतारा

“मॅडम, ही गोळ्या खातच न्हाय. तोंडात धरती आन् माझी पाठ फिरली की खिडकीतनं फेकून देत असंल,” असं म्हणत अक्कांनी सुनेचा रिपोर्ट माझ्या टेबलावर आपटला.

“आत्या, देवीची शपथ, रोज खाते मी,” पल्लवी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

तुळजापुरात माझा छोटा दवाखाना आहे. बायकांचे आजार आणि बाळंतपणं, हे माझं काम. अक्का म्हणजे पल्लवीच्या सासूबाई. मंदिराच्या रस्त्यावर त्यांचं ओटीच्या सामानाचं दुकान आहे आणि तिथं बसल्या बसल्या त्या गल्लीचा सगळा कारभारही बघतात. पल्लवीला सातवा महिना लागला होता. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी सास्तूरला गेली होती, तेव्हा तिचं रक्त खूप गेलं होतं. या वेळी तसंच झालं तर? अंगात मुळात रक्तच कमी, म्हणजे बाईच्या जिवाशी खेळ. म्हणून आयर्नच्या गोळ्या चालू केल्या, पण हिमोग्लोबिन आठावर जे अडलं होतं ते हलायला तयार नव्हतं. जंताचं औषध देऊन झालं, बाकीच्या तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल.

मी पल्लवीला विचारलं, “शी कुठल्या रंगाची होते?”

अक्कांनी तोंडाला पदर लावला.

“काळी,” पल्लवी पुटपुटली. “एकदम काळी. आणि लई खडा होतो.”

आयर्नची गोळी पोटात गेली की शी काळी होते. खिडकीतून फेकलेल्या गोळीनं ती होत नाही. पोरगी खरं बोलत होती, याचा मला आनंद झाला. पण मग गोळीतलं लोह जात कुठं होतं?

“गोळी कशाबरोबर घेतेस?”

“पाण्याबरोबर.”

“आत्ता आहे का जवळ? माझ्यासमोर घे.”

तिनं पर्समधून गोळी काढली, पाण्याचा घोट घेतला आणि गिळली. ग्लास खाली ठेवायच्या आत अक्कांनी पिशवीत हात घातला. गुलाबी औषधाची बाटली काढली, टोपण भरलं आणि सुनेसमोर धरलं.

“धर, उतारा घे.”

“थांबा! काय आहे ते?”

“पित्ताचं औषध मॅडम. थंड असतंय. आयर्नची गोळी लई गरम पडती. तिच्यामागं लगेच उतारा दिला की पोटात आग करत न्हाय.”

“प्रत्येक गोळीला देता?”

“व्हय. दुकान सोडून येते की घरी. हातानं देते, एक खाडा न्हाय.”

अक्कांच्या चेहऱ्यावर असा अभिमान होता की मला हसावं का डोकं धरावं ते कळेना. मी आजवर पुस्तकातली कारणं शोधत बसले होते आणि कारण पिशवीत बाटली घेऊन समोर बसलं होतं.

“अक्का, लोखंडाच्या कढईत आमटी केली आणि चिंच घातली तर काय होतं?”

“काळी पडती. लोखंड उतरतंय तिच्यात.”

“आणि चिंच नाही घातली तर?”

“मग तेवढी न्हाय पडत.”

“पोटातलं ॲसिड म्हणजे ती चिंच. ते आहे म्हणून गोळीतलं लोखंड विरघळतं आणि रक्तात जातं. तुमचं हे गुलाबी औषध ॲसिड मारतं. त्याचं कामच ते आहे. मग लोखंड विरघळत नाही, आलं तसं निघून जातं.”

अक्कांनी बाटली टेबलावर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, “म्हंजी एका हातानं म्याच दिलं आन् दुसऱ्या हातानं म्याच काढून घेतलं?”

“तसंच झालं.”

“आन् वर हिलाच खोटी ठरवली.”

मला त्यांचं फार वाईट वाटलं. काळजीपोटीच चाललं होतं सगळं. पल्लवीनं त्यांच्या हातातलं टोपण काढून घेतलं आणि ते औषध बेसिनमध्ये ओतलं. तिच्या तोंडावरचं हसू लपत नव्हतं.

टेबलावरची बाटली उचलून मी लेबल वाचून दाखवलं. या औषधांना आम्ही अँटासिड म्हणतो. पोटात आधीच तयार झालेलं ॲसिड ती निष्प्रभ करतात, त्यामुळं घटकाभरात बरं वाटतं आणि तेवढ्याच लवकर त्यांचा असर संपतो. त्यातल्या अ‍ॅल्युमिनियमनं शौचाला खडा होतो, मॅग्नेशियमनं पातळ होते. म्हणून कंपन्या दोन्ही एकत्र घालतात, म्हणजे एकानं दुसऱ्याला आवरावं. प्रत्येक पोटात ते आवरतंच असं नाही. पल्लवीचं आधीच आयर्ननं घट्ट झालेलं, त्यात हे.

“तरीच,” अक्का म्हणाल्या. “मागं दुसऱ्या कंपनीची बाटली आणली तर माझीच पळापळ झाली हुती.”

चघळायच्या काही गोळ्यांत कॅल्शियम असतं. ऊठसूट चघळल्या तर रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं, मुतखड्याचीही भीती असते. सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या पित्ताच्या गोळ्या मात्र वेगळ्या. त्या झालेलं ॲसिड मारत नाहीत, नवीन तयार होणंच कमी करतात. त्या वर्षानुवर्षं आपल्या मनानं खात बसलं तर लोह आणि बी-१२ दोन्हींची बोंब होते.

“आणि बाटली संपली तर काय करता?” मी सहज विचारलं.

“खायचा सोडा. पाण्यात टाकला की फसफसतंय, ढेकर येती, मोकळं वाटतंय.”

मी बीपीचं मशीन ओढलं आणि अक्कांचा दंड पुढं घेतला. सोडा म्हणजे मीठच दुसऱ्या नावानं, सोडियम दोन्हींत. बीपी चांगलंच वर होतं.

“पित्त कधी होतं तुम्हाला?”

“मंगळवारी आन् शुक्रवारी. देवीचा उपास असतोय.”

“उपासाला काय खाता?”

“काय न्हाय. खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, तळलेलं बटाटं. आन् च्या.”

असा उपास रोज धरायला माझी तयारी आहे. सोडा बंद करा, तळलेलं आणि चहा कमी करा, बीपीला फिजिशियनना दाखवा, असं मी त्यांना बजावलं.

आता खरी अडचण उरली. अक्का म्हणाल्या, “सगळं पटलं. पर उताऱ्याबिगर गरम गोळी म्या पोरीला देणार न्हाय.”

सुनेची गोळी सासूच्या हातात होती. गरम-थंड असं काही नसतं, हे भाषण मी तोंडावर आलेलं गिळलं. ते ऐकून पल्लवीच्या अंगात थेंबभरही रक्त वाढलं नसतं.

“अक्का, लिंबू थंड का गरम?”

“थंडच की.”

“मग लिंबाचं पाणी द्या. आजपासून तोच उतारा. पित्ताचं औषध लागलंच तर दोन-तीन तासांनी, गोळीच्या आसपास नाही. चहाही नाही, तोही लोखंड अडवतो.”

लिंबाच्या आंबटपणानं लोह चांगलं शोषलं जातं. अक्कांना ते थंड म्हणून पटलं, मला ते आंबट म्हणून हवं होतं. दोघीही खूश. तरी मी बजावलं की पुढच्या रिपोर्टमध्ये आकडा हलला नाही तर लोह सलाईनमधून द्यावं लागेल आणि बाळंतपण सोलापूरला, रक्ताची सोय असेल तिथं.

पुढचा रिपोर्ट अक्का स्वतःच घेऊन आल्या. या वेळी आपटला नाही, दोन्ही हातांनी दिला. आकडा नवाच्या वर गेला होता. नवव्या महिन्यात तो अकराला टेकला. तुळजापुरातच पल्लवीला मुलगी झाली, रक्तही बेतानंच गेलं. मी बाहेर येताच अक्कांनी माझे दोन्ही हात धरले आणि त्या रडल्या. मलाही आवरलं नाही.

तेव्हापासून मी पेशंटला गोळी कशाबरोबर घेता एवढ्यावर सोडत नाही. गोळीनंतर काय घेता, हेही विचारते. परवा एका बाईंना विचारलं. “काहीच न्हाय मॅडम,” त्या म्हणाल्या, “निस्ता कपभर च्या.” हिमोग्लोबिन आठ होतं.