माईंच्या हातचं मीठ

नैवेद्य दाखवेपर्यंत जेवणाची चव घ्यायची नाही, हा आमच्या घरचा गणेशचतुर्थीचा नियम. चाळीस माणसांच्या स्वयंपाकात मीठ घालायचं ते अंदाजानं. बाकीच्या बायकांना घाम फुटे. थोरल्या माई मात्र टोपावर तळहात धरत, वाफ नाकाशी नेत आणि म्हणत, "मीठ नाकाक कळता गो."

माई म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या वहिनी. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेलेला. मालवणजवळच्या त्या घरात वर्षभर एकट्या राहत. चतुर्थीला आम्ही चाकरमानी कुडाळला उतरून, पिशव्या आणि कुरकुर घेऊन पोचायचो, तेव्हा कुठे त्यांचं घर भरे. ते दोन दिवस हेच त्यांचं वर्ष होतं.

आणि एवढ्या गर्दीत ही बाई कधी धावली नाही. काळे वाटाणे आदल्या दिवशीच भिजलेले, वड्यांचं पीठ मळलेलं, आणि ऐन अकरा वाजता माई मागच्या पायरीवर चहा पीत बसलेल्या! मी पुण्याची, नवी सून. घड्याळ बघून माझाच जीव कासावीस होई. त्या हसत. "चुलीर आसा तां शिजतलां. आपण कित्याक शिजाचां?" मला पंधरा नारळ खवायला देत आणि दुसरं काम सांगत नसत. प्रत्येकाला एकच काम. त्यामुळे स्वयंपाकघरात भांडायला कुणाला सवडच नसे.

साथीच्या आजारातून त्या उठल्या त्या वर्षीही सगळं तसंच झालं. पंगत बसली. मी वाटाण्याच्या सांबाऱ्याचा पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. मीठ दुप्पट होतं. भाजीतही तेच. मी आजूबाजूला पाहिलं. देवाच्या प्रसादाला नावं ठेवायची नसतात, म्हणून सगळे खाली माना घालून जेवत होते.

माई डाव घेऊन वाढायला आल्या. माझ्यापाशी थांबल्या. "मीठ बरां आसा मां?"

"बरां आसा, माई," मी म्हटलं. पंगतीतून आणखी पाच-सहा जण तेच म्हणाले.

शेवटी त्या स्वतः जेवल्या. निवांत, नेहमीसारख्या. दुपारी भांडी आवरताना त्यांनी पिण्याच्या पाण्याच्या हंड्याचं झाकण काढलं. सकाळी काठोकाठ भरलेला हंडा कोरडा होता. त्या बराच वेळ आत बघत राहिल्या. मग माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "नाक गेलां माझां. जीभव गेली. कोणाक बोललंय नाय, हातातलो डाव काढून घेतीत म्हणान." झाकण परत ठेवत म्हणाल्या, "तू तरी सांगूक व्हया होतां गो."

पुढची चतुर्थी त्यांनी पाहिली नाही.

आता डाव माझ्या हातात आहे. वाटाणे आदल्या दिवशी भिजतात, अकराला मी पायरीवर चहा पिते. सगळे म्हणतात, अगदी माईंसारखं. पण टोपावर तळहात धरला की कुणीतरी माझ्या मागे येऊन उभं राहतं. मी वळत नाही. वळले तर काय सांगू माईंना? मला लाज वाटते, अजून.

पंगतीत वाढताना विचारते, "मीठ बरं आहे ना?" सगळे एका सुरात "बरं आहे" म्हणतात.

मग मी आत जाते आणि हंड्याचं झाकण काढते.