शेजारच्या चोरट्या कोंबड्या

आज सकाळी सुमनवहिनींची कोंबडी माझ्या शेळीच्या कानामागचे गोचीड एकेक करून टिपत होती. शेळी डोळे मिटून निवांत बसली होती. याच कोंबड्या शेळ्यांचा भरडा चोरतात म्हणून मागे मी वहिनींशी भांडलो, कुंपण घातलं. मग गोचीड इतके वाढले की औषध फवारून हात थकले, दोन करडं सुकली. काल कुंपण काढलं आणि वहिनींना म्हटलं, "सोडा कोंबड्या."

"आता बरी आठवण झाली चोरट्यांची!"

एका शेळीपासून गोठाभर शेळ्या केल्या त्या घासाघीस करूनच; कुणाला फुकट दाणा दिला नाही. मला फुकट काय मिळत होतं, ते मात्र दिसलं नाही. वहिनींनी तेव्हाच का सांगितलं नाही, हा राग अजून आहे.

शेळीने दुसरा कान पुढे केला.