तीन विसा तीन

आमच्या मेंढरांची मोज विसावर चालायची. सांजेला मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी आई उभी राहायची. वीस मेंढरं आत गेली की ओच्यात एक खडा. चार खडे आणि वर सात, म्हणजे चार विसा सात. शाळेत शंभरापर्यंत आकडे पाठ झाले होते, पण घाबरलो की माझ्या तोंडून घरचीच मोज निघायची.

मराठी चौथी झाल्यावर गावच्या शाळेतले गुरुजी मला मंद्रूपकडून सोलापूरला घेऊन आले. इंग्रजी शाळेत जागा थोड्या आणि पोरं लई. दोन खोल्यांत दोन मास्तर तोंडी परीक्षा घेत होते. मी गेलो त्या खोलीत चष्मेवाले मास्तर होते.

"सत्तावीस आणि छत्तीस?"

"तीन विसा तीन."

"आकडा सांग."

"तीन विसा तीन, मास्तर."

दुसरं गणित, तिसरं गणित, तसंच. त्यांनी कागदावर रेघ ओढली आणि दाराकडं बोट केलं. झालं. बाहेर हौदाजवळ माझ्यासारखाच नापास झालेला एक पोरगा डोळे पुशीत होता. त्याचा बाप आला आणि त्याला घेऊन गेला. माझे गुरुजी तंबाखू आणायला गेले होते, म्हणून मी तिथंच उभा राहिलो.

शाळेच्या शिपायानं मला बघितलं. त्याला वाटलं, माझा नंबर अजून लागायचाय.

"का रं, हितं काय करतुयास? तितं चाललंय की. पळ."

मी खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दुसऱ्या खोलीच्या ओळीत जाऊन उभा राहिलो.

तिथले मास्तर वयानं लहान होते. "अठ्ठेचाळीस आणि एकोणचाळीस?"

"चार विसा सात."

ते हसले. "घरी मेंढरं आहेत का रे?"

"व्हय."

"मग मेंढरंच सांग. पाच विसांतली तेरा लांडग्यानं नेली."

"चार विसा सात. पण आमचा कुत्रा नेऊ द्याचा न्हाय."

त्यांनी माझं नाव पासांत लिहिलं. एकच पोरगं, एकच दिवस, उत्तराची रीतही तीच. एका दारात नापास, दुसऱ्या दारात पास.

पुढं तीन वर्षं मी चष्मेवाल्या मास्तरांच्या वर्गात उंच पोराच्या पाठीमागं बसलो. त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं तरी वाटायचं, आता म्हणतील, तू कसा रे आत आलास? आकडे मात्र घोकून घोकून पक्के केले.

इंग्रजी तिसरी झाली आणि वडील अंथरुणाला खिळले. शाळा सोडावी लागली. मामांनी भुसावळला मालधक्क्यावर काम बघितलं, पण शाळेचा दाखला पाहिजे होता, आणि दाखले लिहायचं काम होतं चष्मेवाल्या मास्तरांकडं. नापासाचं निघालं तर दाखला नाही, नोकरीही नाही.

त्यांनी प्रवेशाचं जुनं बुक उघडलं. एक पान उलटलं, थांबले.

"तीन विसा तीन," ते म्हणाले.

मी हात जोडले. "मास्तर, चूक झाली. मी सांगायला पाहिजे होतं."

"चूक तुझी कुठली? त्या संध्याकाळी तुझं नाव दोन्ही याद्यांत निघालं, माझ्या नापासांत आणि दुसऱ्या मास्तरांच्या पासांत. हेडमास्तरांनी विचारलं, कोणाचं धरायचं? मी म्हटलं, त्यांचं धरा. पोराचं गणित बरोबर होतं, ते मला कळायला हवं होतं." त्यांनी टाक दौतीत बुडवला. "तू दोनदा आलास म्हणून कळलं. जे एकदाच येऊन गेले त्यांचं काय, ते मला अजून सांगता येत नाही."

मग त्यांनी वळणदार अक्षरात दाखला लिहिला आणि शाई वाळेपर्यंत मला बसवून ठेवलं. तीन वर्षांत त्यांच्यासमोर मी पहिल्यांदाच पाठ टेकून बसलो.

आज घरापासून इतक्या लांब धक्क्यावर गोण्या मोजतो. मनात विसा चालतात, कागदावर आकडे. बेरीज एकदा केली की पुन्हा एकदा करतो. हौदाजवळचा तो पोरगा कुठं असेल कोण जाणे. माझा दाखला मात्र ट्रंकेत आहे, आणि आता तो आहे ना हे बघायला मी पहिल्यासारखी वरचेवर ट्रंक उघडत नाही.