स्वीपरची जागा

सरांनी मैदानाच्या मातीवर अकरा खडे मांडले. आम्ही पोरी भोवती उकिडव्या बसलो होतो. शाळेत मुलींची फुटबॉल टीम पहिल्यांदाच होत होती. कोण कुठं खेळणार, ते त्या सकाळी ठरणार होतं. मी सातवीत होते.

"हा गोलकीपर," सर म्हणाले आणि सगळ्यात उंच पोरीकडं बघितलं. "त्याच्या पुढं हे तीन बॅक. धक्का खाऊन हलणाऱ्या नकोत. हे चार हाफ. यांना दम पाहिजे, पुढंही जायचं आणि मागंही यायचं. हे दोन फॉरवर्ड. यांचं काम गोल मारणं." फॉरवर्डचा एक खडा त्यांनी रिद्धीच्या हातात दिला. रिद्धी कॅप्टन. तिच्या पप्पांचं जळगावच्या बाजारात कापडाचं मोठं दुकान होतं आणि आमच्या जर्सी तिथूनच आल्या होत्या.

मी वाट बघत होते. थोड्या वेळापूर्वीच सरांनी सगळ्यांना पळायला लावलं होतं आणि मी सगळ्यांच्या आधी पोचले होते. हाफमधली कडेची जागा मिळेल, असं मनात धरून बसले होते. रेषेच्या कडेनं सुसाट जायचं.

एक खडा उरला. तो सरांनी बॅकच्या मागं आणि गोलकीपरच्या पुढं ठेवला. एकटाच.

"ही स्वीपरची जागा. पुढच्यांकडून जे सुटेल ते साफ करायचं." मग माझ्याकडं बोट केलं. "ही तुझी."

रिद्धी म्हणाली, "सर, तिची मम्मीपण स्वीपरच आहे ना."

पोरी हसल्या. सरही हसले. मोठ्यानं नाही, तोंडावर हात ठेवून. म्हणाले, "चला, मग घरचंच काम आहे."

तेवढंच झालं. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. माझा खडा मी उचलला आणि मुठीत धरून बसले.

आई त्याच शाळेत ठेकेदाराकडून संडास-बाथरूम धुवायची. आमची जात मी इथं सांगत बसत नाही. शाळेत आडनाव सांगितलं की पुढचं समोरचाच समजून घ्यायचा. "अच्छा, अच्छा," म्हणायचा आणि स्वतःची पाण्याची बाटली जवळ ओढायचा. मी तिथं आरटीईतून आले होते, गरिबांच्या पोरांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर. ती सवलत आठवीपर्यंतच. नववीला एकतर फी भरा, नाहीतर चालू लागा. फी आमच्या बापजन्मात झाली नसती. बाप तर नव्हताच, ती गोष्ट वेगळी.

आईचा एक नियम होता. ती दोंडाईचाकडची, घरात अहिराणी बोलायची. पहिलीत मला सोडायला आली तेव्हाच गेटबाहेर म्हणाली होती, "शायामा मले ओयखू नको." म्हणजे शाळेत मला ओळख दाखवू नकोस. आणि तिनं तो नियम माझ्यापेक्षा कडक पाळला. व्हरांड्यात मी समोरून आले की ती बादली घेऊन भिंतीकडं तोंड करायची. मला राग यायचा. तिचा नाही. त्या भिंतीचा, त्या बादलीचा, सगळ्या शाळेचा. एवढं करून फायदा काय, शाळेत सगळ्यांना ठाऊकच होतं.

टीम झाल्यावर सर मला म्हणाले, "चांगली खेळलीस तर खेळाडू म्हणून नववी-दहावीची फी माफ करून घेऊ. मी बोलतो वर." त्या वाक्यावर मी जगायला लागले. घरी जाऊन आईला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, "लिखी देतीन का?" लिहून देणार आहेत का? मी तिच्यावर चिडले. सर खोटं कशाला बोलतील, म्हटलं.

आणि मी खेळले. खोटं कशाला बोलू, मला ती जागा आवडायला लागली. स्वीपरला ठरावीक माणूस धरून ठेवायचा नसतो. सगळ्यांच्या मागं उभं राहायचं, म्हणून सगळं मैदान डोळ्यासमोर असतं. उजवीकडची बॅक बॉलच्या नादात जागा सोडते, ते मला तिच्याआधी कळायचं. हाफमधल्या पोरी वर जायच्या आणि परत यायला कंटाळायच्या. मध्ये खिंडार पडायचं. त्या खिंडारातून समोरची पोरगी येणार, हे ती यायच्या आधी मला दिसायचं. मी धावत जाऊन बॉल काढून घ्यायचे. पुढं लांब मारून द्यायचे.

पण नुसतं धावून किती ठिकाणी पोचणार? जिला दिसतं तिनं सांगायला पाहिजे. एका मॅचला मी ओरडले, "रिद्धी, मागं ये."

ती आली नाही. मॅच संपल्यावर मात्र आली. "तू मला सांगणार?"

सरांनी मला बाजूला घेतलं. "हे बघ. ओरडायला कॅप्टन आहे. तुझं काम साफ करणं. बोलणं नाही. आणि बॉल घेऊन पुढं पण जायचं नाही."

तेव्हा मला वाटलं, नियमच असेल तसा. पुढं कधीतरी आईच्या मोबाइलवर जुन्या मॅच बघितल्या. त्यातला स्वीपर बघून मी थक्क झाले. तो सारखा हात करत होता. याला पुढं ढकल, त्याला आत बोलव. वाट दिसली की बॉल घेऊन स्वतः निघायचा आणि सगळी टीम त्याच्या हिशोबानं हलायची. म्हणजे ही जागा बोलणाऱ्याची होती. सरांनी तिच्यातलं बोलणं काढून घेतलं, नुसता झाडू ठेवला, आणि ती मला दिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नववी समोर दिसत होती. गप्प बसले.

माझं नाव तर गेलंच होतं. "स्वीपर, इकडं ये." "स्वीपर, बाटल्या भर." एकदा मैदानात कुत्र्यानं घाण केली होती. सर म्हणाले, "स्वीपर, बघ तेवढं." मी दोन पानं घेतली आणि उचललं. बाकीच्या पोरी शेजारीच बॉल टोलवत होत्या. हात धुताना लक्षात आलं, तो शब्द आता फुटबॉलचा राहिलेला नाही.

आठवीत धुळ्याला स्पर्धा होती. आम्ही जिंकत जिंकत उपांत्य सामन्यापर्यंत गेलो. एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये गाद्या टाकून उतरलो होतो. मॅचच्या दिवशी सकाळी बघतो तर संडास तुंबलेला. पाणी बाहेर आलेलं. पोरी नाकाला रुमाल लावून उभ्या. कार्यालयाचा माणूस फोन उचलेना.

सर बादली आणि खराटा घेऊन आले. सरळ माझ्यासमोर उभे राहिले.

"जा गं. तुला माहीत असतं कसं करायचं ते."

मी म्हटलं, "सर, मी खेळायला आलेय."

"स्वीपर आहेस ना? मग."

काही पोरी हसल्या. काहींनी ब्रश तोंडात घालून दुसरीकडं बघितलं. त्या न बघणाऱ्या पोरींचा मला आजही जास्त राग आहे. हसणारी निदान समोर तरी असते.

मी त्या खराट्याकडं बघितलं. आईचे हात आठवले. ॲसिडनं बोटांची सालं गेलेली, त्यामुळं ती गरम भाकरी फडक्यानं धरते. तिनं भिंतीकडं तोंड फिरवून एवढी वर्षं काढली ती कशासाठी? तिची पोर शेवटी इथंच यावी म्हणून?

"मैदानात आहे मी स्वीपर," मी म्हटलं. "इथं नाही."

 

सरांनी खराटा खाली टाकला नाही, हळूच भिंतीला टेकवला. "मग मैदानात पण नको. बाकावर बस. आणि नववीला कुठं जायचंय त्याचा विचार कर."

मी बाकावर बसले. माझ्या जागेवर सरांनी रिद्धीच्या मैत्रिणीला उभं केलं. ती बिचारी बॉल दिसला की पुढं पळायची. मागं सगळं मोकळं. धुळ्याच्या पोरी हुशार होत्या, त्यांनी ते लगेच हेरलं. मध्यंतरापर्यंत आम्ही दोन गोल खाल्ले. प्रत्येक वेळी मला आधी दिसत होतं आणि मी दातावर दात दाबून बसले होते.

मध्यंतरात सर आले. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथं हरी पाय धरायलासुद्धा तयार नव्हता. त्याला गाढव आपणहून यायला हवं होतं.

"चल, ऊठ. झालं ते झालं. जा आत."

मी उठले. बुटाची नाडी आवळली. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, म्हटलं, "सर, माझं नाव घ्या."

"काय?"

"नाव घेऊन सांगा. जाते."

पोरी पाण्याच्या बाटल्या हातात धरून आमच्याकडं बघायला लागल्या. सरांनी तोंड उघडलं. मिटलं. रिद्धीकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते आणि मला हळूहळू कळलं. ते अडून बसले नव्हते. त्यांना माझं नाव आठवत नव्हतं.

दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली खेळले. त्यांच्या टीमचं मागचं दार मी सांभाळलं. नावं ठेवायला सगळे पुढं होते, नाव घ्यायला कुणी नव्हतं. अपमान मला सवयीचा होता, पण हे सवयीचं नव्हतं. माझ्या जागेवर माणूस आहे, हेच त्यांना माहीत नव्हतं.

"स्वीपर, नाटकं करू नको," सर म्हणाले.

मी खाली बसले. नाडी सोडली, बूट काढले आणि बाकाखाली ठेवले. शिट्टी वाजली. मी गेले नाही.

आम्ही हरलो. परतीच्या गाडीत रिद्धी म्हणाली, "तुझ्यामुळं झालं." मी म्हटलं, "हो." पुढं पारोळा, एरंडोल करत जळगाव येईपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही.

नववीची फी माफ झाली नाही. ऑफिसात सांगितलं, सवलत खेळाडूंना असते, ही तर खेळलीच नाही. तसं कुणी लिहून दिलेलं नव्हतंच. आईला तिथंच बोलावून घेतलं होतं. ती दारातच उभी राहिली, ओल्या पायांनी. फरशीवर डाग पडतील म्हणून तिला आत घेतलं नाही. ती फरशी तिनंच पुसलेली.

मला वाटलं, घरी मार बसणार. आईनं हात धुतले. बराच वेळ धुतले. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "तू खराटा धरा का?" धरलास का?

"नाही."

"हाई काम मनं शे," ती म्हणाली. "तुनं नही." हे काम माझं आहे, तुझं नाही. आणि तवा चुलीवर ठेवला. त्या रात्री ती रडली असेल तर मला माहीत नाही. मी रडले. शाळा गेली म्हणून रडले, ती मला हवी होती. हे मी लपवणार नाही.

मी महापालिकेच्या शाळेत गेले. आई त्याच शाळेत राहिली. तिथले संडास ती आजही धुते. घर चालायला पाहिजे. ज्या दारातून मला काढलं त्याच दारातून ती रोज सकाळी आत जाते, आणि मी तिला गाडीवर गेटपर्यंत सोडते. गेटसमोर, सगळ्यांच्या देखत, तिला मोठ्यानं "आई, येते गं," म्हणते. पहिल्या दिवशी तिनं मान खाली घातली होती. आता घालत नाही.

मी आता पोरींना फुटबॉल शिकवते. वस्तीतल्या, असोद्याहून बसनं येणाऱ्या, कुणाची आई केळीच्या बागेत मजुरीला, कुणाची धुणीभांडी करणारी. लोक सांगतात, स्वीपर ठेवायची पद्धत जुनी झाली, हल्ली बॅक सरळ रेषेत उभे करतात. मला ठाऊक आहे. तरी मी ठेवते. आणि त्या जागेवर जी पोर उभी करते तिला पहिलं ओरडायला शिकवते. बॉल नंतर. जी पुढच्यांना नावानं हाक मारत नाही तिला मी त्या जागेवर ठेवत नाही.

परवा क्रीडाशिक्षकांच्या बैठकीत सर भेटले. केस काळे केलेत. चार लोकांत माझ्या पाठीवर थाप मारली. "अरे, ही आमची स्वीपर. आमच्याच हाताखाली तयार झाली बरं का."

मी विचारलं, "सर, माझं नाव?"

"अगं हो, ते... थांब, येतंय तोंडावर." हसले. ते तोंडावर काही आलं नाही.

येत्या स्पर्धेत त्यांची शाळा आणि माझ्या पोरी समोरासमोर आहेत. मॅचच्या आधी दोन्ही प्रशिक्षकांनी मध्यरेषेवर येऊन हात मिळवायचा असतो. मी मध्यरेषेवर जाणार आहे. हात पाठीमागं ठेवणार आहे.

हे सगळं लिहिताना मी माझं नाव कुठंही घातलेलं नाही. मुद्दाम. ते आधी त्या माणसाच्या तोंडून ऐकायचंय, मैदानाच्या मधोमध, माझ्या पोरींच्या देखत. ते घेतल्याशिवाय माझा हात पुढं येणार नाही. पंचांनी शिट्टी फुंकू दे, नाहीतर मला बाहेर काढू दे.