स्टार्टरमधली पाचर

राहुरीत आप्पासाहेबांच्या वर्कशॉपात भिमाजी लेथवर टर्नर होता. बहात्तरच्या दुष्काळात जो तो विहीर खोल करायच्या मागे, त्यामुळे पंपांच्या शाफ्टचं काम खंडत नव्हतं. वीज मात्र कमी दाबाने यायची.

एका सकाळी लेथचा स्टार्टर सारखा सुटून मोटर बंद पडत होती. भिमाजी वैतागून चहाला गेला. परतल्यावर मोटर नीट चालू राहिली. दुपारी वीजच गेली. वीज परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही, या भरवशावर मेन स्विच न पाडताच त्याने शाफ्ट सोडवायला तो पकडून फिरवणाऱ्या चकला चावी लावली. तेवढ्यात वीज आली आणि चक आपोआप गरकन फिरला. चावी उडून पत्र्यावर आदळली. भिमाजीच्या उजव्या हाताची दोन बोटं चेचली.

पंधरा दिवस तो घरी पडून एकच विचार करत होता. स्टार्टर बसवलेला रंगनाथ वायरमनने, आणि दिवाळीत दोघांचं वाजलेलं. रंगनाथ भेटायला आला तेव्हा भिमाजी भिंतीकडे तोंड करून निजला. तो गेल्यावर बायको केशरबाई म्हणाली, "मानूस दारात आला, एक शबूद तरी बोलायचा."

"आला कशाला, ते मला ठाव हाय."

कामावर गेल्या दिवशीच त्याने मेन पडलेला असल्याचं पाहिलं, टेस्ट लॅम्प लावून वीज नसल्याची खात्री केली आणि स्टार्टरचं झाकण उघडलं. आत लाकडाची पाचर मारलेली होती. तिच्यामुळे वीज गेली तरी स्टार्टर सुटणारच नव्हता, आणि वीज येताच बटण न दाबताही मोटर फिरणार होती. त्याने पाचर खिशात टाकली, झाकण लावलं. कुणाला काही बोलला नाही.

दुपारी वीज पुन्हा मंदावली. मोटर तीनदा बंद पडली. आप्पासाहेब तरातरा आले.

"आतली पाचर कोनी काढली?"

"आत पाचर हुती, हे तुमाला कुनी सांगितलं?" भिमाजीने विचारलं.

आप्पासाहेब म्हणाले, "शेतकरी दारात बसून राहत्यात, भिमाजी. मोटर घडीघडी थांबून कसं भागंल?"

भिमाजीने मेन पाडला आणि पाचर त्यांच्यासमोर धरली. "ही मी परत मारतो. वीज सुरू करतो. तुमी चकवर हात ठिवा."

आप्पासाहेबांनी हात मागे घेतला. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. थांबली तर थांबली."

संध्याकाळी भिमाजी रंगनाथच्या घरी गेला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"माझा वहीम तुज्यावर हुता," तो म्हणाला.

"ते त्या दिवशीच कळलं," रंगनाथ म्हणाला. त्याने आत ये म्हटलं नाही. पण बाज ओढून त्याला बसायला अंगणात टाकली.