चुकायला जागा

धुळ्यात आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील छापखान्यात कामाला. सभेची, संपाची, निषेधाची पत्रकं छापून झाली की उरलेला गठ्ठा घरी यायचा आणि मी तो आधाशासारखा वाचून काढायचो. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "बठ्ठा कागद सारखा शेतस रे, कसाले वाचस?" सगळे कागद सारखेच, मग वाचायचे कशाला? मला तिचा भयंकर राग यायचा.

बी.एड. करून यावलच्या एका शाळेत सातवीला मराठी शिकवू लागलो, तेव्हा रागाला नवं गिऱ्हाईक सापडलं. तिथे वाचन म्हणजे पाठांतर. मुलांची पुस्तकं थोरल्या भावंडांकडून आलेली, समासात पेन्सिलीने उत्तरं लिहिलेली. धडा सुरू व्हायच्या आधीच शेवट माहीत. मी पुस्तकं दप्तरात टाकायला लावली. कुणी न वाचलेला उतारा फळ्यावर अर्धाच लिहायचो आणि डस्टर आपटायचो. "थांबा! पुढे काय होईल? आणि कशावरून?"

मुलं आधी हसली, मग भांडू लागली. प्रत्येकाला आपलाच अंदाज खरा करायचा असायचा. मला हेच हवं होतं. गप्प असायची ती फक्त वर्गात पहिली येणारी मुलगी. तिला अख्खं पुस्तक पाठ होतं. जळगावच्या एका वसतिगृहाच्या शाळेची प्रवेश परीक्षा तिला द्यायची होती. ती पास झाली तरच पुढचं शिक्षण. गावाहून ती थोरल्या भावाबरोबर यष्टीने यायची. भाऊ यंदा दहावी होऊन बाहेर पडणार होता आणि तिच्या वडिलांनी स्पष्टच सांगितलं होतं, एकटीला धाडणार नाही.

परीक्षेत अनोळखी उतारा यायचा. अनोळखी उतारा दिसला की ही दगड.

"अंदाज सांग."

"माहीत नाही, सर."

"माहीत नाही म्हणूनच विचारतोय ना!"

मी ओरडलो की ती आणखी मिटायची.

मुख्याध्यापक म्हणाले, "सर, तुम्ही वाचायला शिकवताय की पोपट घेऊन भविष्य सांगायला? त्या पोरीला गाईड पाठ करू द्या."

"पोपट तर गाईडवाले करतात," मी म्हणालो. बोललो खरा, पण पोरगी बोलत नव्हती.

त्याच सुमारास केळीचे घड वाहणाऱ्या मजुरांसाठी मी एक पत्रक लिहिलं होतं. जळगावला छापायला द्यायचं होतं, कच्चा मजकूर खिशात होता. एका दुपारी उतारा तयार नव्हता, म्हणून पत्रकाच्याच पहिल्या चार ओळी फळ्यावर लिहिल्या. अभिमानाने लिहिल्या, खोटं कशाला बोलू. "थांबा. पुढे काय होईल?"

आणि तिचा हात वर गेला.

"आता मालक कसा वाईट ते येईल," ती म्हणाली. "मग मजूर झोपलेत, असं. मग 'किती दिवस सहन करणार?' आणि शेवटी 'उठा!'"

वर्गात हशा फुटला. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, उठू का?"

खिशातल्या कागदात नेमकं तेच होतं, त्याच क्रमाने. "कशावरून?" मी कसंबसं विचारलं.

"तुम्ही रागावता तसंच आहे, सर. यात चुकायला जागाच नाही. म्हणून सांगितलं."

शाळा सुटल्यावर मी स्टँडवर गेलो. जळगावची गाडी लागली, भरली, सुटली. मी चढलो नाही. आधी त्या मुलीवर चिडलो, मग आईवर, मग कागदावर. मजुरांचे सोललेले खांदे मी डोळ्यांनी पाहिले होते. खरी गोष्ट मी इतकी गुळगुळीत कशी लिहिली? आणि त्याहून जास्त टोचत होतं ते दुसरंच. ही मुलगी चुकायची शक्यता नसेल तिथेच तोंड उघडते, आणि मी मात्र डस्टर आपटत बसलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून डस्टर खिडकीत. रोज असा उतारा लिहू लागलो की निदान एकदा तरी सगळ्यांचा अंदाज फसेल. 'एक माणूस स्टँडवरच्या प्रत्येक गाडीत चढतो, आत बघतो आणि उतरतो.'

"पाकीटमार!" सगळा वर्ग म्हणाला. तिनेही मान डोलावली.

पुढची ओळ लिहिली. 'त्याच्या हातात लहान मुलाची एकच चप्पल होती.'

मग ती हळूच म्हणाली, "चोर नाही. चुकलं."

"मग?"

"त्याचं मूल हरवलं असेल." मग फळ्याकडे पुन्हा बघून, "नाही तर दुसरी चप्पल गाडीत राहिली असेल. पुढची ओळ लिहा ना, सर."

पुढची ओळ तिने मागितली होती. मी मुद्दाम सावकाश लिहिली.

परीक्षेच्या दिवशी जळगावला शाळेच्या फाटकाबाहेर तिचे वडील आणि मी उभे होतो. ते दर थोड्या वेळाने विचारायचे, "मास्तर, मले इतलंच सांगा, पोरगी पास व्हईन का?"

"सांगता येत नाही, नाना."

"तुम्ही मास्तर ना?"

मी फाटकापासून रस्त्यापर्यंत येरझाऱ्या घालत राहिलो. ती बाहेर आली.

"उतारा कसा होता?"

"पहिला अंदाज चुकला, सर."

नानांचा चेहरा पडला. माझाही पडला असणार.

"मग उतारा परत पहिल्या ओळीपासून वाचला," ती म्हणाली. "नाना, पाणी द्या आधी." आणि आमचे चेहरे बघून हसली.

ती पास झाली. प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापकांनी तिला पुढे बोलावलं आणि सगळ्या शाळेसमोर विचारलं, "तुला तर खात्रीच असेल, नाही का?"

"नव्हती, सर," ती खणखणीत म्हणाली.