आजोळची शाल

गोमूत्राचा वास आला की मला अजूनही ते बारसं आठवतं. नेपाळातून दत्तक घेतलेल्या लेकीचं झाशीतल्या घरी बारसं होतं. नेपाळच्या आश्रमातल्या आयाबाईंनी निघताना तिला स्वतःची शाल गुंडाळली होती, मोहरीच्या तेलाचा वास येणारी. थोरल्या जाऊबाईंनी ती दोन बोटांनी उचलून मोरीत टाकली आणि लेकीच्या अंगावर गोमूत्र शिंपडलं. "जात ठाऊक नाही, निदान शुद्ध तरी होऊ दे!" शेजारीण म्हणाली, "ठीक किया, भाभीजी." नेपाळने आमची जात न विचारता आपली लेक पदरात घातली होती! शाल पिळून मी पाळण्यावर टांगली. "ही तिच्या आजोळची आहे, हात लावायचा नाही." उद्या त्याच लेकीच्या बाळाचं बारसं आहे. शाल काढून ठेवलीय; जाऊबाईंना बोलावलेलं नाही.